मुलांची ठेव आणि कार्डाची थकबाकी

पत्र थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या बाई घरून अर्धवेळ काम करतात, नवरा नोकरीत आहे. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. मुलगा वेळेआधी जन्मला आणि काही आठवडे रुग्णालयात राहिला. विम्यातून निम्माच खर्च निघाला. उरलेला वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड आणि मोठ्या दिरांकडून घेतलेले उसने पैसे यांतून भागवला. गाडीचं कर्ज त्याआधीपासून चालू होतं. ‘एकही हप्ता चुकवलेला नाही, तरी कार्डाचा आकडा वर्षभर आहे तिथेच आहे,’ असं त्या लिहितात. मुलांच्या शिक्षणासाठी एक ठेव आहे, तिच्यात दरमहा भर पडते. नवरा म्हणतो, ती मोडू आणि आधी दादांचे पैसे देऊन मोकळे होऊ. बाई म्हणतात, मुलांच्या पैशाला हात लावायचा नाही. त्याऐवजी मुलं झोपल्यावर त्या रात्रीचं काम घेतील आणि दोन वर्षांत सगळं कर्ज संपवतील. मागच्या महिन्यात मुलीने भर दुकानात विचारलं, ‘आई, आपण गरीब आहोत का?’ पत्राच्या शेवटी प्रश्न एकच आहे: ‘आमच्यात कुणाचं बरोबर?’

उत्तर

तुम्ही सगळे आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत. कर्जाच्या बहुतेक पत्रांत दुःख भरपूर असतं आणि आकडा एकही नसतो. तुमची कमाई इथे छापायचं कारण नाही. दोघांची मिळून महिन्याची कमाई 100 धरते आणि बाकी सगळं त्याच मापात मांडते. ज्यांची कमाई तुमच्यापेक्षा कमी-जास्त आहे त्यांनाही मग आपले आकडे इथे बसवून बघता येतील.

तर 100 पैकी घरभाडं, खाणंपिणं, पाळणाघर, औषधं, येणंजाणं यांत 62 जातात. वैयक्तिक कर्जाचा हप्ता 14, गाडीचा 7, कार्डावर 9 आणि मुलांच्या ठेवीत 8. बेरीज बरोब्बर 100. म्हणजे मुलाचा ताप, शाळेची सहल, गाडीचं टायर, कुणाचा तरी वाढदिवस यांना तुमच्या महिन्यात जागाच ठेवलेली नाही. पण जागा नाही म्हणून हे खर्च थांबत थोडेच! ते गुपचूप कार्डावर जातात. तुम्ही पाठवलेल्या सहा स्टेटमेंटांची सरासरी काढली तर महिन्याला साधारण 4.

आता कार्ड बघा. थकबाकी 180, व्याज महिन्याला 3 टक्के, म्हणजे 5.4. तुम्ही भरता 9. त्यातले 5.4 व्याजात गेले, 3.6 मुद्दलातून कमी झाले आणि 4 नव्याने चढले. आकडा हलणार कसा? तुम्ही याचा दोष स्वतःच्या शिस्तीला देता. शिस्त उत्तम आहे, पण ती चुकीच्या रकमेवर खर्च होते आहे.

महिन्याला 3 टक्के हा आकडा दिसायला सौम्य आहे. व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला तो साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातो. त्यात आणखी एक मेख असते. मागची थकबाकी पूर्ण भरलेली नसेल तर नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत साधारणपणे जाते, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज लागतं. ‘पुढच्या बिलात बघू’ म्हणून तुम्ही टाकलेलं तापाचं औषध त्याच दिवशी कर्ज झालेलं असतं.

आणि तो 9 चा आकडा आला कुठून? स्टेटमेंटवर ‘एकूण देय’च्या खाली ‘किमान देय’ म्हणून जी रक्कम छापलेली असते ती 180 च्या 5 टक्के, म्हणजे 9. तुम्ही दर महिन्याला तेवढीच भरता. नील स्टुअर्ट या मानसशास्त्रज्ञाने 2009 साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना काल्पनिक बिलं दिली आणि किती भराल ते विचारलं. थोडेथोडे फेडणाऱ्यांमध्ये, बिलावर किमान रक्कम छापलेली नव्हती त्यांनी जास्त भरायची तयारी दाखवली. छापलेला आकडा डोळ्यांसमोर असला की हात तिथेच थांबतो. पुन्हा ती किमान रक्कम थकबाकीच्या टक्केवारीत असल्याने थकबाकी उतरली की तीही उतरते. तुमच्या दराने, कार्डावर नवीन काहीही न घेता, फक्त किमान रक्कम भरत गेलात तर 180 चे 90 व्हायलाच अडीच वर्षांहून जास्त लागतील. दीड वर्षाचा मुलगा तोवर शाळेच्या गणवेशात असेल.

आता ठेव. तिच्यात 150 आहेत आणि वर्षाला 7 टक्के मिळतात, म्हणजे 10.5. तेवढ्याच, 150 च्या, कार्डावरच्या थकबाकीसाठी तुम्ही वर्षाला 54 व्याज देता. फरक 43.5. ठेव शाबूत राहावी म्हणून तुमचं घर दर वर्षी जवळपास अर्ध्या महिन्याची कमाई मोजतं आहे.

‘मुलांच्या पैशाला हात लावायचा नाही’ या वाक्यामागे तुम्ही असं धरून चालला आहात की कर्ज तुमच्या दोघांचं आहे आणि ठेव मुलांची आहे. पण ते 43.5 कुणाच्या घरातून जातात? मुलीची सहल, मुलाची औषधं, तुमची झोप यांच्यातूनच ना? कार्डाच्या व्याजाने मुलांचे पैसे केव्हाच खाल्लेत, फक्त ठेवीच्या पावतीवर ते दिसत नाही.

तरी तुमचा विरोध मला पटतच नाही असं नाही. त्यामागे दोन गोष्टी असाव्यात असं पत्रावरून वाटतं. मुलाच्या जन्मानंतर सगळंच विस्कटलं, त्यात ही एकच गोष्ट ठरल्याप्रमाणे चालू राहिली. तिचा आधार वाटणं साहजिक आहे. दुसरं, एकदा मोडलेली ठेव पुन्हा उभी राहत नाही ही भीती. ती भीती खरी आहे. मोडताना सगळे म्हणतात पुन्हा भरू, आणि मग फ्रिज बिघडतो. त्यामुळे ठेव मोडायचीच असेल तर ती कशी भरायची हे मोडायच्या आधी ठरवून बँकेला तसं कळवून ठेवायला हवं.

तुमच्या यजमानांचं मोडण्याबद्दलचं म्हणणं मला बरोबर वाटतं. मात्र तो पैसा कुठे जावा याबद्दलचं त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. दादांचे 60 आहेत आणि ते बिनव्याजी आहेत. ते आज दिले तर व्याज शून्य वाचतं. तेच 60 कार्डात घातले तर महिन्याला 1.8 वाचतात. पण यजमानांचा जीव पैशात अडकलेला नाही, मानात अडकला आहे. तुम्ही लिहिलंय की दादा स्वतः एकदाही बोलले नाहीत, टोमणा मारला तो जाऊबाईंनी, चार माणसांसमोर. अशा वेळी माणूस रक्कम टेकवून मोकळं व्हायला बघतो. त्यापेक्षा स्वस्त उपाय आहे. दोघांनी दादांकडे जायचं, बोलायचं मात्र यजमानांनी. ‘कार्डाचं व्याज फार आहे, ते आधी संपवतोय. आठव्या महिन्यापासून तुमचे दरमहा 5 देऊ, बारा महिन्यांत पूर्ण होतील. तुम्हाला त्याआधी गरज असेल तर आत्ताच सांगा.’ शेवटचं वाक्य विसरायचं नाही. दादांनी ते पैसे देण्यासाठी स्वतः कुठे व्याज भरलं असेल तर हिशेब बदलतो, आणि बहुतेक घरांत हे कुणी विचारतच नाही. उसने देणाऱ्याला बहुतेक वेळा पैशापेक्षा ‘यांना आठवण आहे की नाही’ याचा त्रास जास्त होतो. तारीख आणि रक्कम कळली की निम्मे टोमणे बंद होतात. उरलेल्या निम्म्यांवर माझ्याकडे उपाय नाही.

आता आठव्या महिन्याचा हिशेब. ठेवीतल्या 150 पैकी 100 काढून थेट कार्डात भरा. 50 ठेवा. ते मुलांचं शिक्षण म्हणून नका धरू, अडीअडचणीचे म्हणून असे ठेवा की रात्री दोन वाजतासुद्धा हाताशी येतील. घरात दोन लहान मुलं असताना हातचं काही न राखता सगळी रक्कम कर्जात ओतली, तर पहिल्याच आजारपणात कार्ड पुन्हा बाहेर निघतं. कर्ज फेडणारे बहुतेक जण इथेच घसरतात. कार्डावर 80 उरले. ठेवीत जाणारे 8 आणि कार्डात जाणारे 9 मिळून तुमच्याकडे महिन्याला 17 आहेत. त्यातले 4 आधी वेगळे काढा, कारण सहली आणि वाढदिवस येणारच आहेत. उरले 13, ते दर महिन्याला कार्डात. व्याज धरून सातव्या महिन्यात कार्ड शून्यावर येतं. आठव्या महिन्यापासून त्या 13 मधले 5 दादांना आणि 8 मुलांच्या ठेवीत, म्हणजे पूर्वी जात होते तितकेच. पुढच्या बारा-तेरा महिन्यांत दादांचे पैसे फिटतात आणि काढलेले 100 परत जागेवर येतात.

एकूण वीस महिने. एवढ्या काळानंतर दोन्ही वाटांची बाकी मी काढून पाहिली. ठेव न मोडता आजच्यासारखंच चालू ठेवलं तर ठेव दुपटीच्या वर गेलेली असेल हे खरं, पण कार्डाचे 190 च्या आसपास आणि दादांचे 60 उभेच असतील. ठेवीचं व्याज धरूनही मोडण्याची वाट तुमच्या घराला 70 ते 80 ने पुढे नेते.

मोडायच्या आधी तीन गोष्टी तपासा. मुदतीआधी मोडली तर किती कापतात ते लेखी विचारा. इतक्या मोठ्या फरकापुढे ती रक्कम सहसा किरकोळ असते, पण माहीत हवी. ठेव तुम्हा दोघांच्या नावावर आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मी एवढं सरळ सांगते. ती मुलाच्या नावावर असती तर कायद्याच्या दृष्टीने पैसे मुलाचे असू शकतात, मग बँकेला आणि जाणकाराला विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि इतर वाचकांसाठी: ‘मुलांसाठीची योजना’ म्हणून तुमच्याकडे जे आहे ती प्रत्यक्षात विमा पॉलिसी असेल, तर सुरुवातीच्या वर्षांत ती सोडली की भरलेल्यापेक्षा बरंच कमी हातात येतं. तिथे हे गणित वेगळं बसेल.

कार्डाचं काय करायचं? ते कपाटात ठेवून भागत नाही, कारण त्याचा नंबर तुमच्या फोनमधल्या पाच-सहा ॲपमध्ये साठवलेला असतो. तो प्रत्येक ठिकाणाहून काढून टाका. दरमहा आपोआप कापली जाणारी वर्गणी किंवा बिलं कार्डावर असतील तर ती बँक खात्यावर वळवा. कार्डाची मर्यादा कमी करून घ्या. शेवटचे पैसे भरल्यावर पुढच्या स्टेटमेंटमध्ये थोडं व्याज पुन्हा दिसलं तर दचकू नका. स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे जमा होईपर्यंतच्या दिवसांचं ते व्याज असतं. तेवढं भरून टाका, नाहीतर त्या किरकोळ रकमेवर विलंब शुल्क लागतं.

तुमची दोन वर्षांची मुदत मात्र मला कळली नाही. सध्याच्या हप्त्याने वैयक्तिक कर्जाला आणखी तीन वर्षं आहेत, गाडीला दोन. ‘मुलगी मोठ्या शाळेत जायच्या आत सगळं संपायला हवं’ असं तुम्ही लिहिता, पण ते का, हे पत्रात कुठेच नाही. कर्जमुक्त घरातूनच मूल शाळेत जावं असा काही नियम नाही. ठरावीक हप्त्याचं, हप्ता झेपणारं कर्ज ही रोजची कटकट असते, संकट नसतं. कार्ड हे संकट आहे, कारण तिथे काळ तुमच्या विरुद्ध काम करतो. दोन्हींना एकाच रागाने बघितलं की माणूस रात्रीचं काम घेतो.

गाडीचा हप्ता संपला की 7 मोकळे होतील, ते वैयक्तिक कर्जात जादा भरता येतील. अशा कर्जात आधीच्या हप्त्यांमध्ये व्याजाचा वाटा जास्त असतो आणि मुद्दलाचा हळूहळू वाढतो, त्यामुळे जादा रक्कम जितकी लवकर जाईल तितकी फायद्याची. भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: मुदतीआधी भरल्याबद्दल शुल्क आहे का, आणि जादा रकमेने हप्ता कमी होणार की मुदत. मुदत कमी करून घ्या. हप्ता कमी झाला तर सुटलेली रक्कम महिनाभरात कुठे गेली ते कळतसुद्धा नाही.

रात्रीच्या कामाबद्दल. मुलगा अजून रात्रीतून दोनदा उठतो असं तुम्ही लिहिलंय. रात्री दहा ते एक काम, मग दोनदा उठणं, सकाळी सहाला दिवस सुरू. यातून महिन्याला 6 मिळतील असा तुमचा अंदाज आहे. वरच्या हिशेबात ते 6 कुठेही धरलेले नाहीत, तरी तो जुळतो. ठेवीला हात लावायला नको म्हणून तुम्ही झोप द्यायला निघाला आहात, आणि या दोघांतली ठेव तरी परत भरता येते. कमाई वाढवायची असेल तर दिवसाची वाढवा. तिथेही तुमच्या पत्रात एक वाक्य असं आहे: ‘पूर्णवेळ घेतलं तर माझा जादा पगार पाळणाघरातच जाईल.’ तुमचाच पगार का? मुलं दोघांची आहेत, पाळणाघरामुळे कामाला जाता येतं तेही दोघांना. तो खर्च एकूण 100 मधून वजा करून बघा, तुमच्या वाट्यातून नको. दोन वर्षांनी पाळणाघर बंद होईल, तेव्हा पगार आणि अनुभव तुमच्याकडे राहील, हेही त्यात धरा. इतकं करून जमत नसेल तर अर्धवेळच चालू द्या, त्यात कमीपणा काही नाही. पण हिशेब तरी सरळ मांडलेला असू दे.

काटकसरीच्या यादीत तुम्ही यजमानांचा मुदत विमा बंद करायचं लिहिलंय. ती ओळ खोडा. लहान मुलं आणि कर्ज एकत्र असताना ज्या काही मोजक्या खर्चांना हात लावू नये त्यांत हा आहे. कमावतं माणूस गेलं तर हप्ते थांबत नाहीत. उलट तुमचाही विमा आहे का ते बघा. घरात राहून तुम्ही जे करता ते विकत घ्यायची वेळ आली तर किती पडेल, हा आकडा एकदा दोघांनी मिळून काढा. आरोग्य विमा, लसीकरण, दात, डोळे हेही यादीबाहेर. मागच्या वेळी विम्याने निम्माच खर्च का दिला, ते पॉलिसी काढून वाचा. खोलीच्या भाड्यावर मर्यादा असेल किंवा नवजात बाळ अमुक दिवसांनीच विम्यात येत असेल, तर ते पुढच्या वेळेआधी कळलेलं बरं.

बाकीच्या यादीत मी फार शिरत नाही, तुम्ही ती चांगली केली आहे. कपडे, पुस्तकं, सायकल दुसऱ्याकडून घेतल्याने मुलांचं काही अडत नाही. गाडीतली बाळाची खुर्ची मात्र अनोळखी माणसाची वापरलेली घेऊ नका, ती अपघातातून गेलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. आणि मुलांच्या खर्चाला लाटा असतात. लंगोट संपतात, पाळणाघराचे तास कमी होतात. ज्या महिन्यात असा खर्च संपेल त्याच महिन्यात तेवढी रक्कम कर्जाकडे किंवा ठेवीकडे वळवायची. एक महिना मध्ये गेला की घर ती रक्कम आपलीशी करून टाकतं.

आता मुलीचा प्रश्न. त्या दिवशी दुकानात तुम्ही तिला ‘पैसे नाहीत’ असं तिसऱ्यांदा सांगितलंत आणि तेवढ्यात तिच्यासमोर भाजीचे पैसे दिलेत. पाच वर्षांच्या पोरीने दोन गोष्टी जुळवायचा प्रयत्न केला, एवढंच झालं. तिला आरोप करायचा नव्हता. तुमचा चेहरा उतरला, तेव्हा मात्र तिला कळलं असणार की आपण काहीतरी भयंकर बोललो. म्हणून हा विषय पुन्हा तुम्हीच काढा, हातात काही काम असताना, सहज. ‘आपल्याकडे घरासाठी, जेवणासाठी, औषधांसाठी पैसे आहेत. बाळ आजारी होतं तेव्हा आपण काही पैसे दुसऱ्यांकडून घेतले होते, ते आता परत देतोय. म्हणून काही गोष्टी सध्या घेत नाही.’ ‘पैसे नाहीत’ ऐवजी ‘हे आज घ्यायचं ठरलेलं नाही’ म्हणा, ते खरंही आहे. बाळामुळे कर्ज झालं असा सूर लागणार नाही एवढं बघा, मुलं अशा गोष्टी भावंडांवर काढतात. आणि ‘हे कुणाला सांगू नकोस’ असं तिला सांगू नका. इतक्या लहान मुलाला घराचं गुपित सांभाळायला देणं हे कोणतंही खेळणं नाकारण्यापेक्षा जड आहे.

खेळणं नाकारताना येणाऱ्या अपराधी भावनेबद्दल तुम्ही पानभर लिहिलंय. मी एवढंच सांगते: मुलांसाठीची रक्कम आधीच ठरवून टाका, त्या 4 मध्ये. मग दुकानात उभं राहून दर वेळी स्वतःची परीक्षा घ्यावी लागत नाही.

तुमची भांडणं पैशावरून होतात असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं त्यातली बरीच थकव्यावरून होतात. ‘सायन्स’ नियतकालिकात 2013 साली तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास आला होता. तेच शेतकरी, पण ऊस जाण्याआधी हात आखडलेला असताना बुद्धीच्या चाचण्यांत कमी पडले, आणि पैसे आल्यावर त्याच प्रकारच्या चाचण्यांत वर आले. पैशाची ओढाताण डोक्यातली जागा अडवून बसते. तुमच्या घरात ती जागा तुमच्याच डोक्यात अडलेली दिसते, कारण स्टेटमेंट तुम्ही उघडता, तारखा तुम्ही लक्षात ठेवता, आणि यजमानांपर्यंत विषय पोचतो तो भडका उडाल्यावरच. यात बदल हवा. महिन्यातून एकदा, सुट्टीच्या सकाळी, मुलं कुणाकडे तरी असताना दोघांनी अर्धा-पाऊण तास बसायचं. कार्डाचा आकडा यजमानांनी मोठ्याने वाचायचा. कार्ड कंपनीला फोन, बँकेत चौकशी, दादांशी बोलणं ही कामं त्यांच्याकडे. तुम्ही ठेव मोडायला तयार होणार असाल तर एवढं मागणं जास्त नाही.

थोडं इतर वाचकांसाठी, कारण या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काहींची परिस्थिती याहून अवघड आहे. ज्यांच्याकडे मोडायला ठेवच नाही त्यांनीही क्रम हाच ठेवावा: आधी थोडी रक्कम हाताशी, मग सगळ्यात जास्त व्याजाचं कर्ज, बाकीच्यांवर ठरलेला हप्ता. कार्डाची थकबाकी कमी व्याजाच्या एकाच कर्जात वळवणं चांगलं, पण कार्ड त्याच दिवशी बंद होणार असेल तरच. नाहीतर वर्षभरात कर्जही असतं आणि कार्डही भरलेलं असतं. हप्ता कमी दिसतोय म्हणून मुदत दुप्पट करू नका, एकूण व्याज किती जाईल ते विचारा. फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या आणि त्यासाठी तुमच्या संपर्कयादीची परवानगी मागणाऱ्या ॲपपासून लांब राहा. वसुलीच्या वेळी ती यादी कशासाठी वापरतात हे ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा.

आणि ज्यांचे हप्ते आधीच चुकलेत त्यांनी, घर, जेवण, वीज, औषधं आणि कामावर जाण्याचा खर्च आधी बाजूला काढा. जो धनको सगळ्यात मोठ्याने ओरडतो त्याचा नंबर पहिला लागतोच असं नाही. नोकरी गेली किंवा आजारपण आलं असेल तर पुढचा हप्ता चुकायच्या आधी स्वतःहून फोन करा आणि मुदत वाढवून किंवा हप्ता कमी करून मिळेल का ते विचारा. आधी कळवणाऱ्याला सवलत मिळण्याची शक्यता जास्त असते. थोडी रक्कम घेऊन कर्ज मिटवायची तयारी कुणी दाखवली तर पतनोंदीत ते पूर्ण फेडलेलं म्हणून लागणार की तडजोड म्हणून, हे विचारून घ्या, पुढच्या कर्जावर त्याचा परिणाम होतो. फोनवर कबूल केलेलं लेखी हातात येईपर्यंत पैसे पाठवू नका.